बाई कोणाच्याच घरी जेवल्या नाहीत

एखादं माणूस वर्षानुवर्षं एका गावात राहतं, त्या गावातल्या प्रत्येक पोराला बाराखडी शिकवतं, बारशाला, साक्षगंधाला, मयतीला सगळीकडे हजर असतं, आणि तरी त्या गावात कोणाच्याच घरी एक घाससुद्धा खात नाही, असं तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या बाई तशा होत्या. लग्नाच्या मांडवात पंगत बसायला लागली की बाई नवरीच्या हातात पाकीट द्यायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि छत्री उचलून चालू लागायच्या. मागे कोणी धावलं तर मान न वळवता म्हणायच्या, "माझं झालं जेवण." एवढ्या लवकर कसलं जेवण झालं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि आम्ही खाणीपासून सायकलीच्या अंतरावरच्या गावात राहायचो. गावाची शाळा लहान. गुरुजी म्हणजे हेडमास्तर, एक सर आणि बाई. बाई उंच, वाळक्या, पाठ अशी ताठ की पाठीला पट्टी बांधली असावी. मधल्या सुट्टीत त्या सामानाच्या खोलीत जायच्या, दार अर्धं लोटायच्या आणि भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून स्टीलच्या डब्यातून जेवायच्या. आम्ही पोट्टे फटीतून पाहायचो. डब्यात रोज तेच, पांढरा भात आणि ताक. कधी सोबत दुधीची एखादी फोड. डाळ नाही, पोळी नाही, कांदा नाही. एवढा पगार घेणारी बाई असं आजाऱ्यासारखं का खाते, हे कोडं आम्हाला सुटत नसे. गावाने त्यांचं नाव डब्बेवाल्या बाई ठेवलं होतं.

आमच्या घरी त्या बऱ्याचदा यायच्या, कारण मी गणितात ढ होते. दारात पाऊल ठेवलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "प्रज्ञाच्या आई, पाणी द्या बरं थंडगार." तेही इतक्या मोठ्याने की शेजारच्या दोन घरांना ऐकू जावं. आई माठातलं पाणी लोटाभर आणायची आणि बाई तो लोटा शेवटच्या घोटापर्यंत संपवायच्या. आम्ही आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. बाई आसगावकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. आमच्या वस्तीत या गोष्टीची चर्चा व्हायचीच. कोणी म्हणे, बाई चांगली आहे, आपलं पाणी पेते. त्यावर शेजारची काकू नाक उडवायची. "पाणी आता सगळेच पेतात. अन्नाची गोष्ट अलग असते."

काकूचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या आजीने दुसऱ्यांच्या अंगणात वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलं होतं. काही घरी आमच्यासाठी ठेवलेला वेगळा कप वळचणीला खोचलेला असायचा, तो आजीने स्वतः विसळून परत खोचला होता. हे ज्यांनी पाहिलं त्यांना कोण कशासाठी जेवत नाही हे कोणी शिकवायला नको. आणि बाई दुसऱ्यांच्या घरी पण जेवत नाहीत, असं कोणी म्हटलंच तर उत्तर तयार असे. दुसऱ्यांच्या घरी जेवतात की नाही ते आपल्याला कोण सांगणार?

वर्गात मात्र बाईंचा आवडता धडा आहाराचा. फळ्यावर भोपळ्याएवढं पोट काढायच्या आणि आत आतड्यांची वेटोळी. "फळं सालीसकट खा. शेंगा खा, भाज्या खा. चोथा म्हणजे पोटाचा झाडू." स्वतः भात-ताक खाणारी बाई आम्हाला शेंगा खायला सांगते, याचं आम्हाला हसू यायचं. पण एक होतं. कोणा पोराने शाळेच्या खिचडीतले वाटाणे ताटात बाजूला सारले तर सर छडी दाखवायचे, बाई कधी नाही. त्या म्हणायच्या, "राहू द्या सर. जेवढी पोरं तेवढी पोटं." सर चिडायचे. म्हणायचे, बाई, पोट सगळ्यांचं सारखंच असते, लाड करू नका. बाई त्या पोराचं ताट स्वतः उचलून न्यायच्या.

मी सातवीत असताना आईला शाळेतल्या खिचडीचं काम मिळालं. आमच्या घरात त्या दिवशी सण होता. बाबांचं कंबरेचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं आणि आईच्या हाताला पहिल्यांदा तिचं स्वतःचं काम आलं होतं. आई पहाटे उठून नवी साडी नेसून गेली. कधी वाटाण्याची खिचडी, कधी मटकीची उसळ नि भात, कधी मसुरीची डाळ. त्याच वर्षी नियम आला की पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने चव पाहायची. आठवड्याचे दिवस तिघांत वाटलेले. बाईंचा दिवस आला की बाई भांड्यापाशी यायच्या, वाकून वास घ्यायच्या, आईला म्हणायच्या, "छान झाली," आणि चव बघायला सरांना हाक मारायच्या.

हे लपून राहण्यासारखं नव्हतंच. आमच्या वस्तीतले पोरगे भडकले. दुसरीकडे त्याहून वाईट झालं. शेतकऱ्यांच्या दोन-तीन घरांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. विचारलं तर सरळ सांगत, "बाई खात नाहीत, तर आमच्या पोरायनं काहून खावं?" आई रोज पातेल्यात उरलेली खिचडी पाहायची आणि घरी येऊन सरळ चुलीला लागायची. मी तिच्या तोंडाकडे पाहायचे आणि बाईंचा राग राग करायचे. आणखी थोडी घरं त्या वाटेने गेली असती तर गुरुजींनी दुसरी स्वयंपाकीण शोधली असती, हे सातवीतल्या पोरीलाही कळत होतं. काम गेलं असतं ते गेलंच असतं, वर गावात शिक्का बसला असता की प्रज्ञाच्या आईच्या हातचं पोरं खात नाहीत.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सभा बसली. एका बाजूला आमच्या वस्तीतले, एका बाजूला शेतकरी घरांतले, मधे खुर्चीवर गुरुजी कपाळाचा घाम पुसत. पोरं टाटपट्टीवर खिचडी खात होती आणि कान इकडे लावून होती. आमच्या चुलत काकाने उभं राहून सरळ विचारलं, "बाई, तुमी प्रज्ञाच्या आईच्या हातचं काहून खात नाही? हो का नाही, ते आज सर्वायसमोर सांगा." गुरुजी म्हणाले, "बाई, जे काय आहे ते सांगून टाका. विषय संपवू."

बाई उठल्या. मला वाटलं आता भाषण देतील. त्यांनी थाळ्यांच्या चळतीतली एक थाळी घेतली, आईपुढे जाऊन धरली आणि म्हणाल्या, "वाढा." आईने भीतभीत पळीभर घातली. "आणखी." आईने आणखी घातली. वाटाण्याची खिचडी होती, कांदा घातलेली. बाई आमच्या रांगेत टाटपट्टीवर मांडी घालून बसल्या आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत शीत न शीत खाल्लं. मग त्यांनी थाळी स्वतः धुतली, चळतीवर ठेवली, काकाकडे पाहून म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि छत्रीही न घेता शाळेच्या फाटकातून झपझप निघून गेल्या. पदर तोंडावर धरलेला होता, तो मी पाहिला. मीच नाही, सगळ्यांनी पाहिला.

सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. गावाला तेवढं पुरे होतं. "दाखवायले खाल्लं नि घरी जाऊन ओकली असन." "आता आंघोळी करून राहिली असन, विटाळ फेडून." मी हे सगळं ऐकलं आणि मला ते खरं वाटलं. न वाटायला कारण काय होतं? घरी येऊन मी आईपुढे थयथयाट केला. आई चुलीवरचा भात उतरवत होती. म्हणाली, "तशा नाहीत त्या." मी म्हटलं, मग कशा आहेत? आई म्हणाली, "तशा नाहीत, एवढंच." मला आईचा इतका राग आला की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. एखाद्याने तोंडावर थुंकावं आणि आपण म्हणावं पाऊस पडला, तसं वाटलं मला ते.

डबे आणणारी पोरं मात्र पुन्हा खिचडी खायला लागली. बाईंनी खाल्लं ना, विषय संपला. आईचं काम राहिलं. पण त्याबद्दल बाईंचे आभार कोणी मानले नाहीत, ना आमच्या वस्तीने, ना दुसऱ्या बाजूने. उरलेलं वर्ष बाई पूर्वीसारख्याच शिकवत राहिल्या आणि पूर्वीसारख्याच खोलीत जाऊन डबा खात राहिल्या. आमच्याकडे यायच्या, पाणी मागायच्या. मी पाणी द्यायला उठत नसे. वर्ष संपताना त्यांनी बदली मागून घेतली, आसगावकडे, भावाच्या गावाजवळ. निरोपाचा कार्यक्रम शाळेत झाला तेव्हा आई चुलीपाशीच बसून होती. पण बाईंची एसटी निघायच्या वेळी ती धावत रस्त्यावर गेली, हे मला मैत्रिणीने सांगितलं आणि मी पुन्हा चिडले.

मधे बरीच वर्षं गेली. मी बारावीनंतर लॅबचा कोर्स केला, लग्न झालं, नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. भंडाऱ्यात पोटाच्या एका डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे, तिथे मी काम करते. माझ्याकडे श्वासाची तपासणी असते. पेशंटला पोटात न पचणाऱ्या साखरेचं एक गोड पाणी प्यायला द्यायचं आणि मग ठरावीक वेळाने मशीनमध्ये फुंकायला लावायचं. लोकांना वाटतं दारूची तपासणी आहे, काही जण घाबरतात. खरं म्हणजे पोटात किती वायू तयार होतो ते त्यात कळतं, कारण आतड्यातला वायू रक्तात उतरतो आणि तिथून श्वासात येतो.

हे काम शिकताना मला जे कळलं त्याने मी हबकलेच होते. डाळीतला, कांद्यातला, सालीतला काही भाग आपलं पोट पचवतच नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात जातो. तिथे आपल्या अंगात राहणारे जिवाणू असतात, ते त्याला आंबवतात. मॅडम समजावतात, दूध एकच असलं तरी ज्याच्या घरचं विरजण तसं दही लागतं. एकीचं गोड, एकीचं आंबट, एकीचं तार सुटलेलं. तसं आतड्यातलं विरजण माणसामाणसाचं वेगळं. मशीन नवी आली तेव्हा आम्ही स्टाफनेही फुंकून पाहिलं. सगळ्यांनी पाणी तेच घेतलं, तेवढंच. माझा आकडा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर नंबर लावणाऱ्या ताईंचा असा भराभर चढला की त्या बिचाऱ्या लाजून उठून गेल्या. दोघी रोज एकाच डब्यातली भाजी वाटून खातो आम्ही.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस दारातून पाठ ताठ ठेवून एक म्हातारी आत आली. सोबत भाचा होता. मी चेहरा पाहिला आणि लगेच ओळखलं. बाईंनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही, खोटं कशाला बोलू. नेहमीचे प्रश्न नेहमीच्या आवाजात विचारले. काल काय खाल्लं? या तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही पेशंटला फक्त पांढरा भात खायला सांगतो. डाळ नाही, पोळी नाही, भाजी नाही, कांदा नाही. जिवाणूंना खायला काही मिळू नये म्हणून. बाई म्हणाल्या, "मी तर जन्मभर तेच खाल्लं, बाई. एक दिवसाचं काय सांगता?"

मला सामानाची खोली दिसली. नकाशा दिसला, डबा दिसला. फटीतून पाहिलेला पांढरा भात. काही कळलं नव्हतं अजून, पण काहीतरी मोठं चुकलंय हे अंगभर कळलं.

त्यांना गोड पाणी दिलं. पहिल्या दोन वेळा आकडा शांत होता. मग चढायला लागला. पुढच्या फुंकेला दुप्पट, त्याच्या पुढच्याला मला वाटलं मशीनच बिघडली, मी दुसरी नळी लावून पुन्हा फुंकायला लावलं. तोच आकडा. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पोट पदराआडूनही फुगलेलं दिसत होतं, आणि त्या बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. एवढ्याशा पाण्याने ही गत. आणि त्या दिवशी थाळीभर वाटाण्याची खिचडी खाल्ली होती या बाईने, कांदा घातलेली, आणि वर थाळी धुऊन ठेवली होती.

मॅडमनी कागद पाहिला आणि त्यांना समजावलं. "तुमच्या आतड्यातले जिवाणू असे आहेत की डाळीतला, कांद्यातला तो भाग मिळाला की खूप वायू करतात. दुसऱ्याच्या पोटात तेच काम निवांत होतं. शिवाय तुमचं आतडं ताणलं की जास्त दुखतं." बाईंनी विचारलं, "मलाच काहून?" मॅडम म्हणाल्या की लहानपणापासूनचं खाणं, घेतलेली औषधं, घरदार, अशी पुष्कळ कारणं मिळून प्रत्येकाचं ठरतं, आणि सगळं तर आम्हालाही अजून कळलेलं नाही. बाईंनी तो कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "म्हणजे हे खोटं नाही. मनातलं नाही." मॅडम म्हणाल्या, अजिबात नाही. बाईंनी माझ्याकडे वळून पुन्हा विचारलं, "मशीनमध्ये आलं ना, पोरी? खोटं नाही ना?"

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी प्रज्ञा. खिचडीवाल्या बाईची पोरगी."

भाच्याला औषधं आणायला पाठवलं आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. बाईंनी आधी पाणी मागितलं. मग मी न विचारता सांगायला लागल्या, आवाज अगदी वर्गातला, कोरडा. लग्न होऊन पवनीकडे एका मोठ्या घरात पडल्या होत्या. घरची लाखोळीची डाळ, वालाच्या शेंगा, दोन्ही वेळा तेच. माहेरी आई वेगळा भात शिजवायची, सासरी कोण शिजवणार? पोट ढोलासारखं फुगायचं, आवाज व्हायचे. एका खोलीत जावा, नणंदा निजायच्या. आधी हसल्या. मग बाई जवळून गेल्या की दीर तोंडाने आवाज काढायला लागला. मग लहान पोरंही काढायला लागली. वैद्याने ओवा दिला, डॉक्टरने गोळ्या दिल्या, सगळे म्हणत की डाळ तर सगळेच खातात, तुलाच काय होते, नाटक आहे. सासऱ्याने माहेरी निरोप धाडला की आजारी पोरगी गळ्यात बांधली. "नवरा सोडायले आला, त्यायनं पण रस्ताभर काही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "एकदा हसला फक्त."

पोटातल्या वायूपायी एका बाईचा संसार मोडतो? नुसत्या वायूपायी? आणि आम्ही सगळे डाळ-भात खाऊन ढेकर देणारे लोक तिच्या आयुष्याचा अर्थ लावत बसलो होतो. पण त्याच वेळी मला रागही आला, तो मी गिळला नाही. मी म्हटलं, "हे सगळं खरं बाई. पण तुमी सांगायचं होतं. तुमी सांगितलं नाही म्हणून लोकायनं माझ्या आईच्या हातचं खाणं बंद केलं. तुमच्या लाजेपायी आमचा अपमान झाला, त्याचं काय?"

बाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर वर्गातले पोट्टे तोंडाने आवाज काढत माझ्या मागं आले असते. जात पाळते म्हटलं तर लोक रागावतात. रागावलेलं माणूस समोर असते, त्याले सहन करता येते. हसणारं माणूस पाठीमागं असते. मले ते नाही जमलं, पोरी." मग म्हणाल्या, "एका घरी जेवली असती नि डाळ नको म्हटलं असतं, तरी त्यायले लागलं असतं. म्हणून कोणाच्याच घरी नाही. तरी मी पाणी मागत होती. मोठ्याने मागत होती. वाटे, समजन कोणाले तरी."

मी पाण्याचा पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला. बाई पुढे म्हणाल्या, "तू जे बोलली ना आता, अपमानाचं, तुझी आई पण हेच बोलली होती. अशीच चिडून."

"आई? कधी?"

"खिचडी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या खोलीवर भांडायले आली होती. म्हणे, खायचं नव्हतं तर खाल्लं कायले, गावाले तमाशा दाखवायले? मी जमिनीवर पडून होती, पोट धरून. मग सांगावं लागलं तिले. सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, तुमच्या लाजेपायी माझी नाचक्की झाली बाई, हे मी विसरणार नाही. निघून गेली." बाई पहिल्यांदाच हसल्या. "सकाळी पुन्हा आली. गरम भात नि ताक घेऊन. मग बदली होईपर्यंत माझा डबा तुझ्या घरचाच होता. तुले नाही सांगितलं तिनं?"

नाही सांगितलं. उरलेलं वर्षभर बाई सामानाच्या खोलीत जो भात खात होत्या तो माझ्या आईने शिजवलेला होता. अख्खी वस्ती त्या डब्याकडे बोट दाखवत होती आणि डबा आमच्या चुलीवरून गेलेला होता. मी आईपुढे थयथयाट केला तेव्हा ती जो भात उतरवत होती, तो तिथेच चालला होता.

त्याच रविवारी मी गावी गेले. चप्पल काढायच्या आधी आईला विचारलं, काहून नाही सांगितलं? आई सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सांगितलं होतं ना. तशा नाहीत त्या म्हणून. तुले ऐकायचं नव्हतं." मी म्हटलं, पूर्ण का नाही सांगितलं? गावाला का नाही? "त्यायनं नको म्हटलं होतं. शब्द दिला होता मी." तुला राग नव्हता? "होता ना. अजून आहे. राग होता म्हणून काय उपाशी ठेवाचं?"

मॅडमनी बाईंना रागे भरलं होतं ते वेगळंच. जन्मभर डाळ-भाजी टाळल्यामुळे चोथ्यावर जगणारे, आतड्याला पोसणारे चांगले जिवाणूही उपाशी राहिले, म्हणून आता शौचाचा त्रास. त्यांनी एक चमचा वरणाचं पाणी सांगितलं, सोसलं तर हळूहळू वाढवायचं, नाही सोसलं तर मागे यायचं. बाई मला फोन करून सांगायच्या. "आज दोन चमचे. काही नाही झालं." दुसऱ्या आठवड्यात, "आज आगाऊपणा केला, दिवसभर पडून आहो." एकदा म्हणाल्या, "अर्धी वाटी जमली की तुझ्या आईकडे जेवायले येतो म्हणाव." आईने ते ऐकलं आणि नवीन पातेलं आणलं. माझ्याकडे कोणी पेशंट लाजत लाजत म्हणाला ना, की ताई, घरचे म्हणतात तुलाच कसं होते, की मी बाईंचं वाक्य टाकते. जेवढी पोरं तेवढी पोटं. मग ते मोकळे बोलतात.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, आता तरी गावाला सांगू का? म्हणाल्या, "मी आहो तोवर नको. मग सांग पाहिजे त्याले." म्हणून आज सांगते आहे.

अर्धी वाटी व्हायची होती. त्याआधीच उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. झोपेत गेल्या, हृदय थांबलं. आईने नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

तेरवीला आई आणि मी आसगावला गेलो. भावाने मोठी पंगत केली होती. आलू-वांग्याची भाजी, वडे, बुंदी, भात, वरण. आम्हाला आग्रहाने बसवलं, अगदी मधल्या रांगेत. वाढणारा पोरगा भाजी घेऊन आला तर आईने पत्रावळीवर हात आडवा धरला. वडे आले, हात आडवा. वरणाची बादली आली. "मावशी, घ्या ना, घरचं आहे." आई म्हणाली, "मले नुसता भात वाढ, बाप्पा." पोरगा गोंधळून पुढे गेला. बाईंच्या डब्यातलंच जेवायचं आईने ठरवलं होतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

समोरच्या रांगेतल्या दोघी बाया आमच्याकडेच पाहत होत्या. एक दुसरीला म्हणाली, आणि हळू नाही, "बौद्धायच्या आहेत ना त्या. आता तेच लोक आपल्या घरचं खात नाहीत, पाह्य."

माझं डोकं फिरलं. मी उठणारच होते. सगळं सांगणार होते, भर पंगतीत, बाईंच्या सासरचं, खिचडीचं, डब्याचं. आता तर बाईंनी मोकळीकही दिली होती. आईने माझा गुडघा दाबून धरला. "बस. खा. भात थंडा होऊन राहिला." आणि मग मान वर करून, त्या दोघींनाच काय, पार मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने वाढणाऱ्याला हाक मारली.

"पाणी दे रे बाप्पा, थंडगार."

पोरगा गिलास घेऊन आला. आईने तो घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.